ओटावातलं फ्रेंच दैनिक 'ल द्र्वा': नाव असं का, आणि इंग्रजीच्या गराड्यात इतकी वर्षं टिकलं कसं?

टिपणवही
नमस्कार मंडळी, ओटावात येऊन दीड वर्ष झालं, फ्रेंच शिकतेय. क्लासच्या बाईंनी सांगितलं रोज 'ल द्र्वा' वाचत जा, बातम्यांची भाषा लवकर अंगवळणी पडते. वाचायला लागले आणि नावातच अडकले. द्र्वा म्हणजे हक्क ना? कायदा असाही अर्थ होतो म्हणे. पेपरला असं नाव कोण ठेवतं? बाई एवढंच म्हणाल्या की शाळेच्या भांडणातून निघालेला पेपर आहे, मग तास संपला. कुणाला नीट माहिती असेल तर सांगा प्लीज. आणि नदीच्या पलीकडे फ्रेंच भाषिक क्वेबेक, पण या बाजूला ऑन्टॅरिओ, म्हणजे सगळा कारभार इंग्रजी बहुसंख्यांचा, त्यात फ्रेंच दैनिक शंभर वर्षांवर चाललं कसं, पैसे कोण घालत होतं? मला एक छापील अंक घरी ठेवायचा होता, दुकानात विचारलं तर म्हणाले आता छापतच नाहीत.

जुनाअंक
बाईंनी बरोबर सांगितलं, पण ते भांडण केवढं होतं ते कळल्याशिवाय नावाचा अर्थ लागणार नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

१९१२ च्या जूनमध्ये ऑन्टॅरिओ सरकारने एक नियम काढला, रेग्युलेशन १७. मुख्यमंत्री होते जेम्स व्हिटनी. नियम असा की प्राथमिक शाळेत पहिली दोन वर्षं सोडली तर पुढे फ्रेंचमधून शिकवायचंच नाही. ओरड झाल्यावर १९१३ मध्ये थोडी सूट दिली, दिवसाला एक तास फ्रेंच हा विषय म्हणून चालेल. ज्या शाळा ऐकणार नाहीत त्यांचं अनुदान बंद. आता विचार करा, घरात फ्रेंच, चर्चमध्ये फ्रेंच, आणि आठ वर्षांच्या पोराला वर्गात गणितसुद्धा परक्या भाषेत.

फ्रेंच लोकांची शिक्षणासाठीची संघटना १९१० पासूनच होती, नेपोलियन बेलकूर तिचे पहिले अध्यक्ष. पण संघटनेचे ठराव रोज घराघरात पोचवणार कोण? ओटावातले इंग्रजी पेपर या लोकांची बाजू लावून धरणार नव्हते. तेव्हा ओब्लेट या कॅथलिक पंथाचे पाद्री शार्ल शार्लबुआ यांनी पुढाकार घेतला आणि २७ मार्च १९१३, गुरुवारी 'ल द्र्वा'चा पहिला अंक निघाला. ब्रीदवाक्य होतं, भविष्य लढणाऱ्यांचं आहे. म्हणून नाव 'हक्क'. आपल्या भाषेत शिकायचा हक्क. धंदा म्हणून काढलेला पेपर नाहीच तो, लढ्यासाठी काढलेला आहे, आणि मला वाटतं पुढचं सगळं आयुष्य त्याने त्याच जोरावर काढलं.

आता गिग शाळेची गोष्ट, ही मला स्वतःला फार जवळची वाटते. लोअर टाउनमध्ये मरे स्ट्रीटवर ही शाळा. तिथे बेआट्रिस आणि दियान देलोज या दोघी बहिणी शिकवायच्या. नियम मानणार नाही म्हणाल्या. १९१५ मध्ये सरकारने निवडून आलेलं शाळामंडळ बाजूला सारून आपला आयोग बसवला, बहिणींना शाळेबाहेर काढलं, तर त्यांनी बाहेर दुसऱ्या जागेत वर्ग भरवले आणि मुलं त्यांच्या मागे गेली. मग जानेवारी १९१६ मध्ये आयांनी शाळा परत ताब्यात घेतली. तेव्हा बायका मोठ्या हॅट घालायच्या, ती केसांत अडकवायला वीतभर लांब पिना असायच्या. त्या पिना, कात्र्या, लाटणी घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या, पोलीस आले तर त्यांनाही आत जाऊ दिलं नाही. आत दोघी बहिणी शिकवतायत, बाहेर आया पहारा देतायत, असं दिवसेंदिवस चाललं. इतिहासात याला हॅटपिनांची लढाई म्हणतात. पेपर तेव्हा तीन वर्षांचाही नव्हता.

नदीपार
जुनाअंक यांनी छान लिहिलंय, पण एक गोष्ट राहिली आणि ती महत्त्वाची आहे. वाचून असं वाटेल की इंग्रज प्रोटेस्टंट विरुद्ध फ्रेंच कॅथलिक असा सरळ सामना होता. ऑरेंज ऑर्डर या प्रोटेस्टंट संघटनेचे लोक फ्रेंच शाळांच्या विरोधात होतेच, पण सगळ्यात कडवे विरोधक आयरिश कॅथलिकांमध्ये होते. लंडन (ऑन्टॅरिओतलं) इथले बिशप मायकल फॅलन हे त्यातलं मोठं नाव, आणि हे फॅलन स्वतः ओब्लेट! म्हणजे शार्लबुआंच्याच पंथाचे, आणि आधी ओटावा विद्यापीठात होते. एकाच पंथातला एक पाद्री फ्रेंचसाठी पेपर काढतो आणि दुसरा फ्रेंच शाळांच्या विरोधात उभा राहतो. कॅथलिक शाळांची व्यवस्था दोघांची एकच होती, त्यामुळे पैसा आणि सत्ता कोणाकडे हा प्रश्न घरातलाच होता, आणि घरातली भांडणं जास्त लागतात.

पैशाचं उत्तर पण इथेच आहे. कितीतरी वर्षं पेपर ओब्लेटांच्या हातात होता, १९८३ पर्यंत. त्यामुळे नुसत्या जाहिरातींवर त्याचं पोट नव्हतं. पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी, पेपर भाषेसाठी जितका लढाऊ तितकाच धर्माच्या बाबतीत चर्चच्या चौकटीतला होता. हक्काचा पेपर म्हणून त्याची पूजा करताना हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

उशिराआलेलो
हाच पेपर ना जो मॅनिटोबाच्या आर्चबिशपने काढला होता? १९१३ सालचाच.

जुनाअंक
नाही, तो 'ला लिबेर्ते'. सेंट बॉनिफेसचे आर्चबिशप आदेलार लांजव्हँ यांनी काढला, २० मे १९१३, म्हणजे 'ल द्र्वा'नंतर दोन महिन्यांनी. तो विनिपेगच्या फ्रेंच भागातला आणि साप्ताहिक. घोळ होणं साहजिक आहे कारण दुखणं एकच होतं, मॅनिटोबात तर १९१६ मध्ये द्विभाषिक शाळा कायद्यानेच बंद केल्या.

नदीपार, चर्चबद्दलचं मान्य. पण मी एवढंच म्हणेन की त्या काळात ऑन्टॅरिओतल्या फ्रेंच लोकांकडे चर्च सोडून दुसरी कुठली संस्था होती? बँक, कारखाने, सरकार, सगळं दुसऱ्यांच्या हातात.

आणि लढ्याचं पुढे काय झालं ते सांगतो. १९१६ च्या अखेरीस इंग्लंडातल्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, नियम वैध ठरवला पण शाळामंडळाच्या जागी नेमलेला आयोग बेकायदा ठरवला, म्हणजे अर्धी हार अर्धी जीत. नियमाची अंमलबजावणी १९२७ मध्ये थांबली. पंधरा वर्षं! एका मुलाचं अख्खं शिक्षण त्यात होऊन जातं. ऑन्टॅरिओच्या मुख्यमंत्री कॅथलीन विन यांनी विधानसभेत माफी मागितली ती फेब्रुवारी २०१६ मध्ये.

छापखाना_गल्ली
मी मालकीबद्दल लिहिते, वृत्तपत्रांच्या धंद्यावर बरंच वाचन झालंय. १९८३ मध्ये ओब्लेटांनी पेपर युनिमीडियाला विकला, मग कॉनराड ब्लॅकच्या हॉलिंजरकडे, मग पॉवर कॉर्पोरेशनच्या जेस्काकडे, २०१५ मध्ये माजी मंत्री मार्टिन कोशों यांच्या कंपनीकडे. म्हणजे सत्तर वर्षं एक मालक आणि नंतर बत्तीस वर्षांत चार. पण मालक बदलत असतानाही पेपर आपलं काम विसरला नाही हे मला कौतुकाचं वाटतं. १९९७ च्या फेब्रुवारीत सरकारी आयोगाने ओटावातलं मॉन्टफोर्ट हॉस्पिटल बंद करायची शिफारस केली, ऑन्टॅरिओत डॉक्टर-नर्सना फ्रेंचमधून शिकता येईल असं तेवढं एकच हॉस्पिटल. तेव्हा 'ल द्र्वा' उघडपणे लोकांच्या बाजूने उतरला. २२ मार्चला दहा हजार माणसं सभेला आली, पुढे झिजेल लालोंद यांच्या नेतृत्वाखाली कोर्टात गेले आणि २००१ मध्ये ऑन्टॅरिओच्या अपील कोर्टात जिंकले. हॉस्पिटल आजही चालू आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मालक कंपनी दिवाळखोरीत गेली. गटातली सहा दैनिकं एकदम बुडायच्या बेतात होती. तेव्हा कर्मचाऱ्यांनीच सहकारी संस्था काढून ती चालवायला घेतली. फुकटात नाही झालं हे, जुन्या निवृत्त लोकांच्या पेन्शनला मोठी कात्री लागली, ज्यांनी तीस-तीस वर्षं पेपर काढला त्यांच्या. हे लिहितानाही वाईट वाटतं. मार्च २०२० मध्ये कोविड आला, सोमवार ते शुक्रवार छपाई बंद झाली, फक्त शनिवारचा अंक कागदावर राहिला, आणि २०२३ च्या डिसेंबरअखेर तोही थांबला. म्हणून तुम्हाला दुकानात मिळाला नाही. याच काही वर्षांत ऑफिसही ओटावातल्या बायवर्ड मार्केटमधून नदीपलीकडे गॅटिनोला गेलं, म्हणजे क्वेबेकमध्ये. ऑन्टॅरिओच्या फ्रेंच लोकांसाठी जन्मलेल्या पेपरचा पत्ता आज ऑन्टॅरिओत नाही, वाचक मात्र दोन्ही काठांवर आहेत.

टिपणवही
किती लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. मरे स्ट्रीट माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे, रोज त्या बाजूने जाते आणि कधी वर बघितलं नाही. ती शाळा अजून आहे का? आणि जुने अंक कुठे बघायला मिळतील?

जुनाअंक
इमारत आहे, शाळा नाही. आत आता फ्लॅट आहेत आणि ज्येष्ठ फ्रेंच भाषिकांसाठी दिवसभराचं केंद्र आहे. जुने अंक क्वेबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर स्कॅन केलेले आहेत, फुकट बघता येतात. जानेवारी १९१६ पासून सुरुवात करा.

टिपणवही
उघडलं. अक्षर बारीक आहे, झूम करून वाचतेय, तारखेखालची पहिली ओळ डिक्शनरीशिवाय कळली.