हॅलोविनला काळ्या पोशाखातील मुलाला अंधारात सुरक्षित कसे न्यावे? सल्ला हवा

रानजाई: नमस्कार. ३१ ऑक्टोबरला माझा सहा वर्षांचा मुलगा वटवाघूळ होणार आहे. पोशाख डोक्यापासून पायापर्यंत काळा आहे. आमच्या न्यू जर्सीतील वस्तीत पदपथ नाहीत आणि सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे हॅलोविनच्या प्रथेप्रमाणे घरोघरी गोळ्या-चॉकलेट मागत फिरताना तो गाडीवाल्यांना दिसणार कसा, याची मला काळजी वाटते. २० डॉलरच्या आत काय करता येईल? पोशाख बदलायला तो मुळीच तयार नाही.

सह्यकडा: आम्ही लेकीसाठी ४५ डॉलरचे दिवे लावलेले जाकीट घेतले. ते पूर्ण गल्लीतून दिसते. मुलांच्या जिवापुढे पैशाचा विचार करू नये. पोशाखही पांढरा घ्या.

मोगरा_७: पोशाख झाकणारे जाकीट मुले दोन घरांनंतर काढून टाकतात, हा आमचा अनुभव आहे. त्यापेक्षा मुखवटा टाळा. आमच्या मुलाचा मुखवटा घसरला, डोळ्यांची भोके गालावर आली आणि पायरी न दिसल्यामुळे त्याच्या हनुवटीला टाके पडले. चेहरा रंगवा, मात्र रंग आदल्या दिवशी हातावर थोडा लावून पाहा. पुरळ उठले तर तो वापरू नका.

दीपमाळ: १९७५ ते २०१६ या काळातील अमेरिकेतील अपघातांच्या नोंदींच्या अभ्यासात हॅलोविनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका आठवडाभर आधीच्या व नंतरच्या संध्याकाळींपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त आढळला होता. त्यामुळे रस्त्यावर न्यायलाच नको. शाळेच्या वाहनतळावर गाड्यांच्या डिक्कीतून गोळ्या वाटतात, तिथे न्या. आम्ही तिथेच जातो.

सह्यकडा: वाहनतळावर गाड्या नसतात का? जाकीट तिथेही लागेलच.

ओवी: शेंगदाण्याच्या ॲलर्जीचा विषय कोणीच काढला नाही, याचे वाईट वाटते. ज्या दारात हिरवट-निळ्या रंगाचा भोपळा असेल, तिथे खाऊऐवजी छोटी खेळणी मिळतात. आमच्या मुलीला तीच घरे जवळची वाटतात. गोळ्या घरी आणून वेष्टने वाचल्याशिवाय खाऊ देऊ नका. आणि सजावटीच्या कोरलेल्या भोपळ्यातील मेणबत्ती पायरीवर ठेवलेली असते, पंखांचे टोक सहज पेटू शकते. पोशाखावर ज्वालारोधक असल्याची खूण पाहा.

मोगरा_७: पंख घोट्याच्या वर ठेवा म्हणजे पाय अडकणार नाही. बाकी वर सांगितल्याप्रमाणे पोशाख पांढराच बरा.

रानजाई: सर्वांचे मनापासून आभार. पोशाख काळाच राहील, जाकीट घेणार नाही आणि वाहनतळावरही जाणार नाही, कारण शेजारच्या आजी-आजोबांकडे जाण्यासाठी तो महिनाभर वाट पाहत आहे. परावर्तक पट्टी आठ डॉलरला मिळाली. ती पंखांच्या कडेने आणि पाठीवर शिवली. काल रात्री ह्यांनी गाडीचे दिवे लावले आणि मुलगा अंगणाच्या टोकाला उभा राहिला, तेव्हा अंग अजिबात दिसत नव्हते, पण पंख हलले की सगळी कड लखलखत होती. दिव्यांचा झोत अंगावर पडला तरच पट्टी चमकते, म्हणून त्याच्या हातात विजेरी राहील, आणि समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालताना रस्त्याच्या बाजूला आमच्यापैकी एक जण असेल. पंख घोट्याच्या वर कापले आहेत, मुखवटा काढून टाकला आहे. रंग आज संध्याकाळी हातावर लावून पाहते.