ब्राउझरमधी मराठी अक्षरं भुरकट दिसतात, स्क्रीन लपलप करते, काय करावं? (सल्ला द्या)

दारव्हा_ऑनलाइन
भाऊ, ताई, जरा मदत पाहिजे. दारव्ह्याच्या अलीकडं गावात माझं फॉर्म भरायचं अन् झेरॉक्सचं दुकान हाय, सातबारा, आठ-अ, पीक विमा, पोरांच्या स्कॉलरशिपा, दिवसभर क्रोम उघडंच रायते. काम अडत नाही पण डोळ्याले लय तरास होऊन रायला. मराठी अक्षरं भुरकट दिसतात. लांब यादी खाली सरकवली का मधीच काळा पट्टा चमकून जाते. कॅपचाचे (माणूसच हाय का ते तपासायला चित्रात दाखवतात ते) आकडे तर काळ्यावर काळे. अन् फॉर्मच्या खोक्यात रफार वरून कापला जाते, दुर्गाचं दुगा दिसते, मंग माणूस म्हणते माझं नाव चुकलं अन् मी तरी काय सांगू. विंडोज १०, ४ जीबी रॅम, जुना १८.५ इंची मॉनिटर. तालुक्याचा रिपेअरवाला म्हणते फॉर्मॅट मारा.

वणीवाला
दादा, फॉर्मॅट बिलकुल मारू नका. प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं मशीन, साऱ्याचे ड्रायव्हर (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) परत बसवत बसाल अन् ऐन विम्याच्या गर्दीत दुकान बंद राहीन. पयले हे पाहा का बिघाड हाय कुठं. जे पान भुरकट दिसते त्याचा स्क्रीनशॉट घ्या अन् मोबाइलवर पाठवून तिथं उघडा. मोबाइलवर अक्षर चोख दिसलं तर ब्राउझरचा काही दोष नाही, गडबड मॉनिटर, केबल नाही तर रिझोल्युशनमधी (स्क्रीनवर आडवे-उभे किती ठिपके ते) हाय. स्क्रीनशॉटातही भुरकट असन तरच ब्राउझर अन् विंडोजच्या बाकी सेटिंगमधी हात घाला. माझ्या मते या एका गोष्टीनं अर्धं काम होते, पण लोक हे सोडून सगळं करतात.
जुन्या १८.५ इंची मॉनिटरचं रिझोल्युशन बहुतेक १३६६ गुणिले ७६८ असते. डिस्प्ले सेटिंगमधी तेच हाय का पाहा, १०२४ गुणिले ७६८ असन तर चित्र ताणलं जाते अन् बारीक वेलांट्या सगळ्यात आधी फिसकटतात. निळ्या टोकाची व्हीजीए केबल असन तर तिचे दोन्ही स्क्रू आवळा अन् मॉनिटरवरचं ऑटो ॲडजस्टचं बटन दाबा. मंग स्टार्टमधी क्लिअरटाइप (अक्षर साफ करायची विंडोजची सोय) शोधून, ज्या खोक्यातलं अक्षर साफ वाटते ते निवडत जा.

अहेरीची_ताई
कॅपचाचं मी सांगते. कोणीतरी क्रोमच्या फ्लॅग्जच्या (प्रयोगाच्या सेटिंगच्या, chrome://flags) पानावर 'ऑटो डार्क मोड फॉर वेब कंटेंट्स' चालू केलेलं दिसते. त्यानं क्रोम प्रत्येक साइट जबरदस्तीनं काळी करते, ती साइट तशी बनलेली असो का नसो, अन् चित्रातले काळे आकडे मागच्या काळ्यात बुडतात. ते डिफॉल्टवर करा अन् रीलाँच मारा. डार्क मोडचं एखादं एक्स्टेंशन (क्रोमले जोडलेलं जादा सॉफ्टवेअर) असन तर तेही बंद करा. इन्कॉग्निटोमधी (क्रोमच्या खासगी खिडकीत) एक्स्टेंशनं सहसा बंद असतात, तिथं पान बरोबर दिसलं का समजायचं तेच कारण.
रफार कापायचं कारण वेगळं. सेटिंग्जमधी अपिअरन्स, त्यात कस्टमाइज फॉन्ट्स, तिथं मिनिमम फॉन्ट साइज वाढवलेला असन. अक्षर वाढते पण साइटचं खोकं तेवढंच रायते, मंग वरचं कापल्या जाते. तो मागं घ्या अन् अक्षर मोठं पाहिजे तर कंट्रोल अन् प्लसनं झूम करा, त्यानं खोकंही वाढते. झूम त्या-त्या साइटपुरता लक्षात रायते, कंट्रोल अन् शून्य दाबलं का जसाच्या तसा.

वणीवाला
काळ्या पट्ट्यासाठी सेटिंग्जमधी सिस्टीम, तिथलं 'यूज ग्राफिक्स ॲक्सिलरेशन' बंद करून पाहा. पट्टा गेला तर बहुतेक ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना हाय असं समजा.

मेळघाटी
माझ्याकडं अजून विंडोज ७ हाय, नवीन साइटवर बटनं एकमेकावर चढतात. काय करू?

वणीवाला
भाऊ, विंडोज ७ वर क्रोमचं १०९ हेच शेवटचं व्हर्जन, फेब्रुवारी २०२३ मधी ११० आलं तेव्हापासून विंडोज १० लागते. नवीन पद्धतीनं बांधलेली पानं त्याले पूर्ण समजत नाही, म्हणून चढाचढी. फायरफॉक्स ब्राउझरचं ११५ ईएसआर (जास्त दिवस चालणारं व्हर्जन) टाकून पाहा, पण पैशाचे व्यवहार त्या मशीनवर नका करू.

दारव्हा_ऑनलाइन
लय उपकार झाले. मोबाइलवर फोटो एकदम साफ होता, रिझोल्युशनच चुकीचं होतं. कॅपचा अन् रफार ताईच्या सांगण्यानं जमलं. पट्टाही गेला, पण आता यूट्यूब अडकते.

वणीवाला
ॲक्सिलरेशन बंद असलं का व्हिडिओचा सारा भार प्रोसेसरवर येते. सध्या क्वालिटी ४८० वर ठेवा. कॉम्प्युटरच्या डब्याच्या मागं मॉडेल नंबर असन तो इथं टाका, ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर मिळते का पाहून सांगतो. मिळाला तर ॲक्सिलरेशन परत चालू करता येईन.