समरला बाहेर सस्टेनेबल (पर्यावरण जपणारा) बिझनेस शिकायला जावं का?

एसवाय_बीबीए: डेन्मार्कमधल्या कोपनहेगन बिझनेस स्कूलच्या समर प्रोग्रॅमला जायचं मनात आहे, पण घरचे म्हणतात एवढे पैसे घालून थोड्या आठवड्यांत काय शिकणार? कोणी सांगाल का?

कोथरूडकर: आधी आपलं कॉलेज तिथले ईसीटीएस क्रेडिट (युरोपातल्या अभ्यासक्रमांचे गुणांक) धरणार का ते लेखी घे, तोंडी हो नंतर चालत नाही. ९० दिवसांच्या आत असेल तर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा), अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो, ट्रॅव्हल मेडिकल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा.

मंजिरीताई: अगं जाच! आणि डेन्मार्कमधलं कालुंडबोर्ग शहर बघून ये, तिथे एका कारखान्याची वाफ, पाणी दुसऱ्याच्या कामी येतं, अशी देवाणघेवाण १९७२ पासून सुरू झाली. पण त्याआधी इथे पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताईंबरोबर एक सकाळ फिर, ओला-सुका कचरा एकत्र आला की त्यांना हाताने किती निवडावं लागतं ते बघ, वर्गात विचारायला खरे प्रश्न मिळतील.

एसवाय_बीबीए: थँक्यू ताई, क्रेडिटचं उद्याच विचारते.