मदत हवी आहे : खासदारांच्या संसदेतील मतदानाची आणि भूमिकांची नोंद कशी तयार करावी?

नमस्कार. आमच्या भागातील काही वाचक मिळून लोकसभेतील आमच्या खासदारांच्या कामकाजाचे एक टिपण तयार करीत आहोत. ते प्रचारासाठी नाही. म्हणूनच खासदारांचे आणि पक्षाचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही, आणि प्रतिसादांतही कोणी तर्काने ते देऊ नये अशी विनंती आहे. महत्त्वाच्या विधेयकांवर त्यांनी कोणत्या बाजूने मत दिले आणि त्याच विषयांवर सभागृहाबाहेर ते काय बोलत आले, हे शेजारी शेजारी मांडावे एवढाच हेतू आहे. बाहेरच्या भाषणांची कात्रणे आणि चित्रफिती मिळतात. मतदानापाशी मात्र घोडे अडले आहे.

हजेरी, चर्चेतील सहभाग, विचारलेले प्रश्न आणि मांडलेली खासगी विधेयके (मंत्री नसलेल्या सदस्याने स्वतः मांडलेली) यांचे आकडे पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या संकेतस्थळावर खासदारनिहाय दिसतात. मतदानाचा रकाना तेथे दिसत नाही. संसदेच्या संकेतस्थळावरील कामकाजाचे वृत्तांत वाचायला घेतले, तर बहुतेक विधेयकांच्या शेवटी 'प्रस्ताव स्वीकृत झाला' एवढेच वाक्य येते, कारण निर्णय आवाजी मतदानाने झालेला असतो. शेतीविषयक दोन विधेयके २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत विरोधकांनी मतविभागणी (म्हणजे प्रत्येक सदस्याच्या मताची मोजणी) मागूनही आवाजी मतदानाने मंजूर झाली, आणि तिन्ही शेती कायदे मागे घेणारे विधेयक २९ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन्ही सभागृहांत चर्चेविना, पुन्हा आवाजी मतदानानेच, पार पडले. ज्या विषयावर वर्षभर देश ढवळून निघाला, त्यावर एकेका सदस्याचे मत काय होते याची नोंदच नसावी, हे मला खटकते.

अशा विधेयकांबाबत 'पक्षाने पाठिंबा दिला, म्हणजे आमच्या खासदारांनीही दिला' असे लिहिणे योग्य ठरेल का? जेथे मतविभागणी झाली तेथील नावांची यादी नेमकी कोठे सापडते आणि ती कशी वाचावी? आणि सर्वांत अवघड भाग असा की, पक्षादेश (व्हिप, म्हणजे अमुक बाजूने मत द्या असा पक्षाचा हुकूम) निघाल्यावर दिलेले मत ही त्या व्यक्तीची भूमिका मानावी की केवळ पक्षाची? गटातील एका ज्येष्ठ सदस्यांचे मत असे आहे की, पक्षांतरबंदी कायदा असताना आपल्याकडे खासदाराची मतदानाची नोंद तपासणे म्हणजे पक्षाचीच नोंद पुन्हा तपासणे होय. मला ते पूर्ण पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

धागाकर्त्यांनी नाव न देण्याची घेतलेली काळजी आवडली. माझा अनुभव वृत्तांत वाचण्यापुरता आहे, तेवढ्यावरून लिहितो.

संविधानाच्या अनुच्छेद १०० नुसार सभागृहाचा निर्णय उपस्थित राहून मतदान करणाऱ्या सदस्यांच्या बहुमताने होतो. हे बहुमत मोजलेच पाहिजे असे मात्र तो अनुच्छेद म्हणत नाही. लोकसभेच्या कार्यपद्धतीतील नियम ३६७ प्रमाणे अध्यक्ष आधी आवाजावरून निर्णय सांगतात आणि त्याला कोणी आव्हान दिले तर मतविभागणीची प्रक्रिया सुरू होते. घंटी वाजते, साडेतीन मिनिटांनी दालनाचे दरवाजे बंद होतात आणि प्रश्न पुन्हा मतास टाकला जातो. याच नियमात आणखी एक तरतूद आहे, जी सहसा कोणी वाचत नाही: मतविभागणीची मागणी अनावश्यक आहे असे अध्यक्षांना वाटल्यास ते सदस्यांना आपापल्या जागी उभे राहायला सांगून मोजणी करू शकतात आणि अशा वेळी नावे नोंदवली जात नाहीत. म्हणजे मोजणी झाली, आकडे वृत्तपत्रांत आले, तरी यादी असेलच असे नाही.

हमखास यादी मिळण्याची जागा म्हणजे संविधान दुरुस्तीची विधेयके. अनुच्छेद ३६८ मध्ये सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश असे दुहेरी बंधन असल्याने तेथे आवाजावर भागत नाही. त्याखेरीज वादग्रस्त विधेयकांवर विरोधक मतविभागणी मागतात. नागरिकत्व सुधारणा विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत ३११ विरुद्ध ८० मतांनी आणि वक्फ सुधारणा विधेयक एप्रिल २०२५ मध्ये २८८ विरुद्ध २३२ मतांनी मंजूर झाले. आपल्या खासदारांच्या कार्यकाळातील अशा मतविभागण्या आधी वेगळ्या काढाव्यात. संख्या फार भरणार नाही, त्यामुळे काम आटोक्यात राहील.

यादी त्या दिवसाच्या वृत्तांतात, प्रस्ताव मतास टाकल्यानंतर लगेच असते: मतविभागणीचा क्रमांक, वेळ, मग 'होय' म्हणणाऱ्यांची आणि 'नाही' म्हणणाऱ्यांची नावे. मात्र यादी वाचून तेथेच थांबू नये. सदस्यांना आपापल्या जागेवरील कळ दाबून मत द्यायचे असते, होयसाठी हिरवी, नाहीसाठी लाल, तटस्थ राहण्यासाठी पिवळी. ती चुकली किंवा दाबली गेली नाही तर चिठ्ठीवर मत नोंदवता येते. चिठ्ठीने मत देणाऱ्यांची नावे यादीखालच्या तळटीपेत बारीक अक्षरांत येतात आणि निकालाचा आकडाही 'दुरुस्तीच्या अधीन' असतो. यामुळे केवढा फरक पडतो ते १७ डिसेंबर २०२४ रोजी दिसले. एकत्रित निवडणुकांसाठीचे संविधान दुरुस्ती विधेयक मांडण्याच्या प्रस्तावावर यंत्राने आधी २२० विरुद्ध १४९ असा आकडा दाखवला आणि चिठ्ठ्या मोजल्यावर तो २६९ विरुद्ध १९८ झाला. जवळजवळ शंभर सदस्यांची मते वरच्या यादीबाहेरची होती. तेव्हा मुख्य यादीत नाव नाही म्हणून 'गैरहजर' असा शेरा मारणे हा अन्याय होईल.

आवाजी मतदानाच्या विधेयकांबाबत 'पाठिंबा दिला' असे लिहू नये. 'आवाजी मतदान, वैयक्तिक नोंद नाही, पक्षाची जाहीर भूमिका अमुक' असे तीन तुकड्यांत लिहावे. रुक्ष दिसेल, पण उद्या कोणी बोट ठेवले तर प्रत्येक तुकडा दाखवता येईल.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. पक्षादेशाबद्दल थोडे लिहितो, कारण आपल्या गटातील ज्येष्ठांचा आक्षेप बिनबुडाचा नाही.

१९८५ च्या ५२ व्या संविधान दुरुस्तीने दहावी अनुसूची, म्हणजेच पक्षांतरबंदी कायदा, आली. पक्षाच्या निर्देशाविरुद्ध पूर्वपरवानगीशिवाय मत दिले किंवा मतदानाला गैरहजर राहिले, आणि पक्षाने ते पंधरा दिवसांत माफ केले नाही, तर सदस्यत्व जाऊ शकते. किहोटो होलोहान खटल्यात १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने ही अनुसूची वैध ठरवताना असे सुचवले होते की, सदस्यत्व घालवणारा असा निर्देश विश्वासदर्शक ठरावासारख्या, सरकारच्या अस्तित्वाशी निगडित बाबींपुरता किंवा पक्षाच्या कार्यक्रमातील कळीच्या धोरणांपुरता राखावा. व्यवहारात पक्ष तीन ओळींचा आदेश (सर्वांत कडक पक्षादेश) त्याहून कितीतरी जास्त वेळा काढतात. त्यामुळे मताच्या रकान्यातून व्यक्ती क्वचितच दिसते, हे खरे.

तरीही नोंद निरुपयोगी ठरत नाही. आदेश असो वा नसो, ते मत त्यांच्या नावावर जमा आहे आणि मतदारांनी त्याचा जाब विचारणे रास्त आहे. 'पक्षाने सांगितले म्हणून' हे उत्तर असू शकते. ते त्यांच्या तोंडून यावे, आपण त्यांच्यासाठी तयार करून ठेवू नये.

व्यक्ती पाहायची असेल तर जेथे आदेश चालत नाही तेथे पाहावे. प्रश्न विचारा असे पक्षाने बजावलेले नसते. खासगी सदस्य विधेयक मांडणे हा ज्याचा त्याचा निर्णय असतो. आजवर अशी चौदाच विधेयके कायद्यात उतरली आणि शेवटचे १९७० साली, हे ठाऊक असूनही खासदार ती मांडतात, कारण त्यातून भूमिका नोंदली जाते. कामाची वेळ संपल्यावर कार्यालयाचे फोन न घेण्याचा कर्मचाऱ्यांना हक्क असावा यासाठी सुप्रिया सुळे यांनी मांडलेले विधेयक हे याचे आपल्याकडचे उदाहरण आहे. विधेयकाला सुचवलेल्या सुधारणाही पाहाव्यात. त्या बहुधा आवाजी मतदानाने फेटाळल्या जातात, पण सुचवणाऱ्याचे नाव आणि सुधारणेचा मजकूर वृत्तांतात राहतो.

माझ्या मते सर्वांत मौल्यवान आणि सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे समित्यांचे अहवाल. समितीच्या बैठका बंद दाराआड होतात, तेथे पक्षादेश लागू नसतो, आणि न पटलेला सदस्य असहमतीची टिपणी जोडू शकतो. वक्फ विधेयकावरील संयुक्त समितीने आपला अहवाल जानेवारी २०२५ मध्ये १५ विरुद्ध ११ अशा मतांनी स्वीकारला, आणि विरोधी सदस्यांच्या टिपण्या वाचल्या की सभागृहातल्या घोषणांपेक्षा कितीतरी नेमके आक्षेप सापडतात. आपले खासदार कोणत्या स्थायी समितीवर आहेत ते शोधून तिच्या अहवालांच्या परिशिष्टांतील इतिवृत्ते वाचावीत. कोण बैठकीला होते, हेही तेथे कळते.

प्रश्नांच्या आकड्यांना मात्र भुलू नये. लोकसभेत एका दिवशी वीस तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि दोनशे तीस अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न घेतले जातात; एकसारखे प्रश्न एकत्र केले जातात आणि एकाच उत्तरावर अनेकांची नावे लागतात. शंभर प्रश्नांचा आकडा छापण्यापेक्षा आपल्या भागाशी निगडित दहा उत्तरे वाचून काढणे बरे.

धागाकर्ता

दोन्ही प्रतिसादांसाठी मनापासून आभार. 'तीन तुकड्यांत लिहावे' ही सूचना आम्ही लगेच स्वीकारत आहोत. दोन शंका उरतात. एक म्हणजे, 'नाही' असे मत दिसले की वाचक ते विधेयकाच्या नावावरून वाचतात, त्याचे काय करावे? दुसरी म्हणजे, मतदानाला नसण्याची कारणे वेगवेगळी असतात. ती कशी दाखवावीत?

प्रतिसाद १ चे लेखक

पहिल्या शंकेला एक उदाहरण देतो. महिला आरक्षणाचे विधेयक २० सप्टेंबर २०२३ रोजी लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाले. ती दोन मते असदुद्दीन ओवैसी आणि तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील यांची होती. नुसती यादी छापली तर 'महिला आरक्षणाला विरोध' असा अर्थ निघेल. त्यांच्या पक्षाचा आक्षेप मात्र इतर मागासवर्गीय आणि मुस्लिम महिलांसाठी वेगळा वाटा नाही, असा होता. तो आक्षेप पटो वा न पटो, मतासोबत कारण छापलेच पाहिजे. म्हणून प्रत्येक मतापुढे त्याच चर्चेतील त्यांच्या भाषणातील एक-दोन वाक्ये, तारखेसह, जशीच्या तशी द्यावीत. येथे वृत्तांतातील तारांकन पाहावे: काही भाषणांवर 'पटलावर ठेवले' अशी टीप असते, म्हणजे ते भाषण सभागृहात बोलले गेलेले नाही, लेखी दिले आहे, आणि मराठीत केलेले भाषण वृत्तांतात अनुवाद म्हणून आले असेल तर तशी टीप असते, तेव्हा मूळ मराठी शब्दांसाठी चित्रफीत ऐकावी. अनुवादावरून पुन्हा मराठी करून ते त्यांचे शब्द म्हणून छापू नयेत.

दुसरी शंका जास्त नाजूक आहे. पिवळी कळ दाबून तटस्थ राहणे, पक्षासोबत सभात्याग करणे, कामानिमित्त नसणे आणि निलंबित असणे या चार वेगळ्या गोष्टी आहेत. नागरिकत्व विधेयकावर शिवसेनेने लोकसभेत बाजूने मत दिले आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत मतदानात भाग घेतला नाही. तेथील गैरहजेरी ही बदललेली भूमिका होती. याउलट डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतील मिळून १४६ सदस्य निलंबित झाले, त्यांत सुप्रिया सुळे आणि अमोल कोल्हेही होते, आणि त्याच काळात फौजदारी कायद्यांची तीन विधेयके आवाजी मतदानाने मंजूर झाली. त्या दिवसांची गैरहजेरी सदस्याच्या मर्जीची नव्हती. सभात्यागाची नोंद वृत्तांतात वेळेसह येते, निलंबनाचा ठरावही येतो. हजेरीपुस्तकावर मंत्री सही करीत नाहीत, तेव्हा आपले खासदार मधल्या काळात मंत्री झाले असतील तर तो काळ हजेरीच्या टक्केवारीतून वगळावा लागेल. आणि ज्या दिवशी कोणतेच कारण वृत्तांतात सापडत नाही, तेथे 'मत नोंदलेले नाही' एवढेच लिहून टिपण छापण्यापूर्वी खासदारांच्या कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी. उत्तर आले तर ते शब्दशः द्यावे, न आल्यास पत्राची तारीख द्यावी.