अर्धवट विमान मोडीत काढण्याआधी

घरी लाकडी विमान बांधायला घेतलंत आणि आता "पंखाच्या फासळ्या झाल्या, स्पारपाशी (पंखाचा भार पेलणाऱ्या लांब तुळईपाशी) गाडं अडलं, आता सगळं मोडीत काढतो" असं तुम्ही म्हणताय. सोडायचं तर खुशाल सोडा, पण मोडीत कशाला? आहे तसं विका.

फासळ्या हे मजेचं काम. साचा एकदा बसला की स्प्रूसच्या (हलक्या लाकडाच्या) काड्या वाकवायच्या, कोपऱ्यांवर प्लायवूडचे तुकडे चिकटवायचे. खरा कस स्पारला लागतो. लाकडाच्या तंतूंचा तिरपेपणा १५ इंचांत १ इंचाहून जास्त चालत नाही, तिरका सांधा घालायचा तर १:१२ चा लांब उतार लागतो, आणि गोंद आतवर पोचलाय की नाही ते बाहेरून दिसत नाही. म्हणून त्याच गोंदाने वेगळे तुकडे जोडून फोडून बघायचे. लाकूड फाटलं तर सांधा पक्का, गोंदातून सुटला तर बाद. इथे मनात शंका असेल तर थांबलात ते बरंच केलंत. बायकापोरं बसणार त्यात!

(आणि पंख झाले म्हणजे विमान झालं असंही नाही. इंजिन, केबली, ब्रेक, कापड... असो.)

विकताना विमानाचे नकाशे, फोटो, कामाची वही, गोंदाचे बॅच नंबर आणि ते फोडलेले तुकडेसुद्धा सोबत द्या. एकदा दोन्ही बाजूंनी प्लायवूड लागलं की घेणाऱ्याला आतलं काही दिसत नाही. वही नसेल तर तो सरपणाचाच भाव करणार. नुसतं उडायचंच असेल तर उडतं जुनं विमान बघा, त्यात कमीपणा नाही. उरलेल्या इपॉक्सी गोंदाची मुदत मात्र तपासा, संपली असेल तर तो डबा सामानात देऊ नका.