स्त्रियांची आत्मचरित्रं: कुठून सुरुवात करावी?

रानजाई: वाचनगटासाठी तीन मराठी आत्मचरित्रं निवडायची आहेत. वाचण्याचा क्रम काय ठेवावा? कुठली आवृत्ती घ्यावी?

पानफूल: पहिलं लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. संक्षिप्त आवृत्ती अजिबात घेऊ नका, काटछाटीत बाईंचा बोलण्याचा ओघच तुटतो. वडिलांच्या सोवळ्यापायी घरात मीठसुद्धा धुतलं जाई, ते प्रकरण गटात मोठ्यानं वाचा. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई 1900 साली. मधल्या पाच वर्षांवर एक अख्खी बैठक ठेवा, पुस्तकाचा जीव तिथं आहे. शेवट त्यांच्या मुलानं, देवदत्तांनी लिहिलाय, तिथं भाषा बदलते हे आधीच सांगून ठेवा.

जुनी_जिल्द: दुसरं रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (1910). हे पुस्तक त्यांचे पती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या मृत्यूपाशी, 1901 मध्ये थांबतं. सेवासदन या स्त्रियांसाठीच्या संस्थेचं त्यांचं काम त्यानंतरचं, म्हणून ‘बाई नुसत्या नवऱ्याबद्दलच लिहितात’ असा गैरसमज होतो. त्यांच्या पुढच्या, मृत्यूपर्यंतच्या तेवीस वर्षांचं टिपण सोबत द्या. या दोन्ही लेखिकांना जाऊन साठहून अधिक वर्षं झाली, त्यामुळे त्यांचं लेखन स्वामित्वहक्कातून मुक्त आहे.

कोरा_कागद: बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ शेवटी घ्या, पण घ्याच! त्यात ‘मी’पेक्षा ‘आम्ही’ जास्त आहे. वीरगाव-फलटणकडची बोली अडली तर मोठ्यानं वाचा, कानाला लगेच कळते. याचे हक्क अजून आहेत, प्रती विकतच घ्या.