प्रति: हृदयाच्या गोळ्या चेक-इन बॅगेत टाकू का?

अजिबात टाकू नका. विमानात केबिन बॅगेतून नेल्या तर वडिलांच्या गोळ्या सिक्युरिटीवाले काढून घेतील अशी भीती तुम्हाला वाटतेय, पण गोळ्यांना तिथे काही अडचण नसते. शंभर मिलीची मर्यादा द्रव पदार्थांना, आणि प्रवासात लागणारी पातळ औषधं वेगळी दाखवली की त्यातही सूट मिळते. खरी भीती चेक-इनची बॅग मागे राहण्याची.

मी आईला घेऊन जातो तेव्हा सगळ्या गोळ्या केबिन बॅगेत, परतीच्या तारखेपेक्षा आठवडाभर जास्तीच्या. पट्ट्या अख्ख्या घ्या. केमिस्ट कात्रीने चार गोळ्या कापून देतो, त्यात नाव आणि एक्सपायरी नेमकी दुसऱ्या तुकड्यावर जाते. मग ती गोळी कसली, हे आपल्यालाही सांगता येत नाही.

छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी मात्र बॅगेतही नको, वडिलांच्या शर्टाच्या खिशात हवी. तपासणीला खिसा रिकामा करून ट्रेमध्ये ठेवावा लागतो. एकदा आईची पट्टी ट्रेच्या कोपऱ्यात चिकटून राहिली होती. मागच्या बाईंनी हाक मारली म्हणून कळलं. तेव्हापासून मी ती छोट्या झिपच्या पाकिटात ठेवतो आणि बाहेर पडल्यावर आधी तीच तपासतो.

परदेशी जाणार असाल तर डॉक्टरांकडून चिठ्ठीवर औषधांची मूळ नावं लिहून घ्या. ‘एकोस्प्रिन’ तिकडे कुणाला कळेलच असं नाही, ‘अ‍ॅस्पिरिन’ कळेल. आणि पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड जवळ ठेवा, तपासणीआधीच सांगा. हातातला डिटेक्टर छातीवर धरून ठेवू देऊ नका.